बाबांच्या वरची जागा

नोर्डहाफेन, बुधवार, २ सप्टेंबर १९८१

मारिनुस,

अक्षर ओळखलंच असशील. पाकीट तसंच शेगडीत टाकायचा विचार असेल तर जरा थांब. आत नगरपालिकेचा फॉर्म आहे. तो काढ, खाली सही कर, परत पाठव. मग माझं पत्र खुशाल जाळ.

झालंय असं की बाबांच्या कबरीपाशी नगरपालिकेनं पाटी रोवलीय. कांद्याच्या वाफ्यात रोवतात तसली, हातभर. 'या कबरीच्या नातेवाइकांनी कार्यालयाशी संपर्क साधावा.' आठवड्यातून दोनदा गुडघे टेकून तिथलं गवत मी उपटते, आणि नातेवाईक शोधतायत! तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच मातीच्या हातांनी कार्यालयात गेले.

तिथला कारकून, यान्से त्याचं नाव, चष्मा पुसत म्हणाला, "वीस वर्षं पूर्ण होतायत बाई. मुदत वाढवायची तर हक्कदाराची सही लागेल. एकतीस ऑक्टोबरपर्यंत. नाहीतर हिवाळ्यात कबर रिकामी होणार."

"द्या इकडे, करते सही."

"हक्कदार मारिनुस कोपेयान आहेत."

"मी त्याची बहीण. आत झोपलाय त्याची मुलगी."

"ते खरं हो, पण कागदावर तुम्ही नाही."

पंचावन्न साली बाबांनी ती जागा घेतली तेव्हा थोरल्याच्या नावानं लिहिली. पुढे तू होडी सोडून समुद्र अडवायच्या धरणावर कामाला गेलास, बाबा सगळ्या बंदरभर सांगत सुटले की मला मुलगा नाही, पण तो कागद काही त्यांनी बदलला नाही. मरेपर्यंत नाही. वीस वर्षं मी गवत उपटतेय आणि हक्कदार तू. असो.

तुझा पत्ता विचारला तर म्हणे खाजगी माहिती, देता येत नाही. त्यांनी तुला पाठवलेलं पत्र 'इथे राहत नाही' म्हणून परत आलंय. मग तूच शोध की मेल्या, म्हटलं मनात.

माझ्यासाठी मागत नाहीये हे लक्षात घे. जागा दोघांची आहे, खाली बाबा, वर आई. आई त्र्याऐंशीची झाली. वृद्धाश्रमातल्या सगळ्या बायकांना सांगून ठेवलंय तिनं, "मला ह्यांच्यावर ठेवणार आहेत. जन्मभर तेच वरचढ होते, आता बघू." आणि हसते. पाटीचं तिला काही बोललेले नाही. बोलायचंही नाहीये. बाबांना उपसून काढलं आणि आईला कुठल्यातरी नव्या कोपऱ्यात एकटीला ठेवावं लागलं, हे तिला जिवंतपणी कळलं तर ती वर्षभरही काढणार नाही.

बाबा गेले तेव्हा निरोप जाऊनही तू आला नाहीस. ते मी आज काढत नाही. फक्त सही कर.

धरणाच्या कामावरच्या कँटीनच्या पत्त्यावर पाठवतेय. दुसरा पत्ता मला ठाऊक नाही.

लेउन्ये


झीरिकझे, बसथांबा, शनिवार, १२ सप्टेंबर

मारिनुस,

दहा दिवस झाले. काही नाही. म्हणून आज मासळीचा ठेला लावला नाही, सायकल काढली आणि निघाले.

कोणी म्हणालं तू झीरिकझेला बोलाउट बाईंकडे खोली घेऊन राहतोस. तर पहिली बस चुकली, कारण आपल्याकडच्या बसचं शनिवारचं वेळापत्रक वेगळं असतं हे मी विसरले. मग सायकलनं कोलाइन्सप्लाटपर्यंत, आणि पुढे तो पाच किलोमीटरचा पूल. वारा समोरून. वारा कधी पाठीमागून असतो का रे आपल्याकडे? जाताना समोरून, येताना समोरून. पुलाच्या मधोमध उतरले आणि ढकलत चालले. एक ट्रकवाला ओरडला, "आजी, पडाल!" एक्कावन्नाव्या वर्षी आजी! त्याला जे बोलले ते लिहीत नाही, तुझ्यासारखीच धार्मिक घरात वाढलेय मी.

बोलाउट बाईंनी दार उघडलं, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "कोपेयान? सोन्यासारखा माणूस. पण तो तर एप्रिलातच गेला."

"कुठे?"

"आता ते मी कसं विचारणार? मी भाडेकरूंच्या भानगडीत पडत नाही." आणि मग पाऊण तास तुझ्या भानगडी सांगितल्या. तू म्हणे बूट दाराबाहेर काढायचास. रविवारी तिला चर्चला हात धरून न्यायचास. तिचं गळकं छप्पर दुरुस्त केलंस, मजुरी घेतली नाहीस. माझं छप्पर अठ्ठावन्नपासून गळतंय, मारिनुस.

"तुम्ही त्याच्या कोण?" तिनं शेवटी विचारलं.

"बहीण."

"अगंबाई! त्याला बहीण आहे?"

कॉफी पुढ्यात होती ती मी तशीच ठेवली. तेवीस वर्षांत एकदाही माझं नाव तुझ्या तोंडून निघालं नाही? बरं. मीही तुझं घेत नव्हते, फक्त शिव्या घालताना घ्यायचे. पण निदान घ्यायचे तरी!

हे बसथांब्यावर लिहितेय. सायकलचं मागचं चाक बसलंय, पंप चोरीला गेलाय, पुढची बस सव्वा तासानं. सगळीकडे आडवं सपाट, बटाट्याची शेतं, आणि त्यामागे बांध, आणि बांधामागे तुझा तो समुद्र ज्याला तू दावणीला बांधायला निघालास. इतक्या सपाट मुलखात एक माणूस सापडू नये? इथे तर उद्या येणारा पाहुणा आज दिसतो.

हे पत्रही कँटीनलाच टाकते. दुसरा फॉर्म सोबत आहे, पहिला हरवला म्हणशील म्हणून.

लेउन्ये


कामाचं बेट, कँटीन, शनिवार, २६ सप्टेंबर

मारिनुस,

आता मी प्रत्यक्ष तुझ्या धरणावर बसून लिहितेय. बाबांनी पाहिलं असतं तर पुन्हा मेले असते.

फाटकावरच्या रखवालदारानं अडवलं. "पास?"

"माझा भाऊ आहे आत."

"बाई, आत हजारभर भाऊ आहेत."

मी पिशवीतून धूर दिलेल्या बांगडा मासळीच्या चार जोड्या काढून त्याच्या टेबलावर ठेवल्या. मग पास सापडला. त्यानं एका मुकादमाला हाक मारली, योस्ट पिक म्हणून, लाल दाढीचा, बोलका. तो मला जीपमधून घेऊन गेला.

"मारिनुसची बहीण? दिसता तशाच. तोही असाच ओठ आवळून बसतो."

खरं सांगू? धरणाचे ते खांब बघायला मला मान पार मागे टाकावी लागली. कोरड्या खड्ड्यात उभे, चर्चच्या मनोऱ्याएवढे, एकामागे एक. योस्ट अभिमानानं सांगत होता की समुद्र आता बंद नाही करायचा, दारं लावायची, वादळ आलं की खाली, एरवी उघडी. म्हणजे भरती-ओहोटी राहणार, कालवं राहणार, शिंपल्या राहणार. म्हटलं, हे शहाणपण वीस वर्षं आधी सुचलं असतं तर? आमचं बंदर मात्र तुम्ही आधीच्या धरणानं लिंपून टाकलंत. एकसष्टच्या एप्रिलात शेवटचा काँक्रीटचा ठोकळा बसला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा रोजच्यासारखे धक्क्यावर गेले. पाणी हललं नाही. पाण्याकडे बघत दुपारपर्यंत उभे होते. मी जेवायला बोलवायला गेले तर म्हणाले, "लेउन्ये, ओहोटी उशिरा आहे का गं आज?" त्यांना सगळं ठाऊक होतं, तरी विचारलं. तुला हे कुणी सांगितलं नसेल. मी आज सांगतेय.

योस्ट ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "बाई, त्रेपन्नच्या पुरात माझी आई आणि दोन भाऊ गेले. छपरावरून."

मलाही तो पूर आठवतो. तू होडी घेऊन गेलास ते तिसऱ्या दिवशी परत आलास. किती जणांना काढलंस ते लोक सांगायचे, किती हातातून निसटले ते तू कधी सांगितलं नाहीस. त्यानंतर तू धरणाचंच बोलायला लागलास आणि बाबा समुद्राचंच. दोघंही खरे होतात. मधे मी आणि आई ताटं वाढत होतो.

आणि तू गेलास तेव्हा होडीवर तुझ्या जागी कोण उभं राहिलं? मी. अठ्ठाविसाव्या वर्षी. ह्यूसमधला तो शाळामास्तर, आड्रियान, आठवतो? त्याच्या आईला जाळी ओढणारी सून नको होती. तुझ्या एका 'मी चाललो'पायी माझं सगळं गेलं. हे मी कधी कुणाला बोलले नाही, पण आज तुझ्या धरणावर बसलेय, तर बोलते.

असो. तू इथे नाहीस. योस्ट म्हणतो तू तळ तपासायच्या जहाजावर असतोस, बाहेर खाडीच्या मुखाशी, केव्हा किनाऱ्याला लागेल सांगता येत नाही. पत्रांच्या खणाकडे घेऊन गेला. 'कोपेयान' लिहिलेल्या खणात माझी दोन्ही पाकिटं पडलेली. न उघडलेली. त्यांच्यावर धूळ!

मी तिथेच ओरडले. काय ओरडले ते योस्टला विचार. सगळं कँटीन जेवायचं थांबलं. एका बाईनं न मागता माझ्यासमोर कॉफी आणि दालचिनीचा चिकट बोलुस पाव आणून ठेवला, आणि लहान मुलासारखी पाठ थोपटली. मी खाल्ला. भूक लागली होती.

हे तिसरं. पस्तीस दिवस उरलेत.

लेउन्ये


नोर्डहाफेन, रविवार, ४ ऑक्टोबर

मारिनुस,

आज दोन्ही वेळा चर्चला गेले नाही. शेजारणींनी पडदे सरकवून पाहिलं असेल. पाहू देत.

गेले आठ दिवस मी स्वतःला विचारतेय की हा माणूस आईसाठीसुद्धा एक पाकीट का फोडत नाही. आणि उत्तर मला माहीत आहे. ते मी तीनही पत्रांत लिहिलं नाही. उलट पहिल्याच पत्रात खोटं लिहिलं.

तुला निरोप गेला नव्हता.

आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. घरात कुणी गेलं की घरच्यांनी हात बांधून बसायचं, सगळं पहिल्या शेजाऱ्यानं करायचं. घड्याळ थांबवण्यापासून खांदेकरी गोळा करण्यापर्यंत. काळा कोट घालून दारोदार तोच सांगणार, आणि बाहेरगावच्यांना पत्र, तार तोच करणार. शेजारच्या क्रेइन वेसेलनं सगळं नीट केलं. यादी घेऊन आला, ओट्यापाशी उभा राहिला, टोपी हातात. म्हणाला, "लेउन्ये, धरणावर मारिनुसला तार करून येतो."

मी म्हटलं, "त्याचं मी बघते."

क्रेइनला नवल वाटलं. घरच्यांनी असलं काम करायचं नसतं. पण मी रडत होते, त्यानं वाद घातला नाही. त्याच्या यादीत तुझ्या नावापुढे खूण पडली. गावात ज्याच्या त्याच्या तोंडी झालं की मारिनुसला कळवलंय. शेजाऱ्यानं फेरी मारली म्हणजे कळवलंच, त्यावर कोण शंका घेतं? आणि कबरीपाशी सगळे तुझी रिकामी जागा बघत होते तेव्हा मी मान खाली घालून उभी राहिले. कुणीतरी म्हणालं, "बापाच्या मातीलाही आला नाही." मी गप्प बसले.

तुला कधी कळलं, कसं कळलं, मला माहीत नाही. पण गावानं तुला वीस वर्षं ज्यासाठी नावं ठेवली ते तू केलेलं नाहीस. मी केलंय.

मला राग होता. होडीचा, आड्रियानचा, सगळ्याचा. म्हटलं, एवढं सगळं सोडून गेलास, हेही सोड. एवढंच कारण. त्याला काही मोठं रूप देता येत नाही.

आता माझ्यासाठी नाही, आईसाठी सही कर. मला हवं ते बोल. क्रेइन अजून आहे, ऐंशीचा आहे, ऐकायलाही बरं येतं. तू म्हणशील तर त्याच्यासमोर उभी राहून हे सांगेन.

उद्या योस्टकडे पाठवतेय, तुझ्या खणात ठेव म्हणून.

लेउन्ये


नोर्डहाफेन, शुक्रवार, १६ ऑक्टोबर

मारिनुस,

हे पत्र पहिल्यांदा खऱ्या पत्त्यावर जातंय. वेमेलडिंगे, कालव्याकाठी, हिरवा दरवाजा. आईनं दिला. हो, आईनं.

क्रमानं सांगते, नाहीतर माझंच डोकं फिरेल.

बुधवारी कार्यालयात गेले, मुदत वाढवून मागायला. हातापाया पडायची तयारी करून गेले होते. यान्सेनं फाइल उघडली आणि म्हणाला, "पण बाई, हे तर झालंय. नऊ सप्टेंबरला सही झाली. स्वतः आले होते."

"मग पाटी का आहे अजून?"

"पाटी काढायचं काम कबरखोद्याचं. तो पाठदुखीनं रजेवर आहे."

नऊ सप्टेंबर! म्हणजे मी पुलावर सायकल ढकलत होते तेव्हा सही होऊन तीन दिवस झाले होते. चाक, पंप, बांगडे, कँटीनमधला तमाशा, सगळं फुकट. म्हटलं, "मला कळवायचं नाही का?" तर म्हणतो, "हक्कदाराला पावती दिली. तुम्ही कागदावर नाही." टेबलावरचा शिक्का उचलून त्याच्या डोक्यात मारावासा वाटला. मारला नाही.

तिथून तडक आईकडे. ती खिडकीशी विणत बसली होती.

"आई, मारिनुस कुठे असतो तुला माहीत आहे?"

तिनं सुया थांबवल्या नाहीत. "दर गुरुवारी त्याच खुर्चीत असतो, जिच्यावर तू बसलीयस."

गुरुवारी. मी मिडलबुर्गच्या बाजारात मासळी विकत असते तेव्हा. किती वर्षं? सहा! सहा वर्षं तू येतोस, बाबांच्या कबरीवरून जातोस, मी उपटलेलं गवत बघतोस, आणि मी परत यायच्या आत निघून जातोस. पाटी तूच आधी वाचलीस. आईला तूच सांगितलंस.

"आणि मला कुणी बोललं नाही?" माझा आवाज चढला तशी पलीकडच्या खोलीतली बाई दार लावून घेऊ लागली.

"तुला पाटीचं माहीत नाही असं वाटलं मला. उगाच कशाला तुझ्या जिवाला घोर?"

"आणि त्याचं? सहा वर्षं?"

"तू विचारलंस कधी? आल्या आल्या त्याच्या नावानं शंख करतेस. मी म्हटलं, करू दे बापडी, तिचंही काही दुखतंय." आणि मग म्हणाली, "तो तुझ्याबद्दल विचारतो. दर वेळी. ठेला कसा चाललाय, छप्पर गळतं का अजून."

मी तिथे रडले नाही. सायकलवर रडले. वारा समोरूनच होता.

आज सकाळी कामाच्या बेटावर गेले. योस्ट ओशाळा झाला होता. तू एप्रिलापासून वेमेलडिंगेच्या गोदीतून जहाजावर जातोस, कँटीनच्या खणात येतच नाहीस, हे त्यालाही परवा कळलं. त्यानं चारही पाकिटं माझ्या हातात ठेवली. एकही फुटलेलं नव्हतं.

बांधावर बसले, पाकिटं मांडीवर घेऊन. चौथं वरती होतं. मारिनुस, काय मोह झाला सांगू? सही झालीय. आईला जागा मिळालीय. क्रेइन आज ना उद्या जाणार. ते पाकीट पाण्यात टाकलं असतं तर या जगात कुणालाच काही कळलं नसतं. तूही येत राहिला असतास, मीही ओरडत राहिले असते. पंधरा मिनिटं तरी बसले असेन. खाली ओहोटी लागली होती.

चारही या पाकिटात घालतेय. वाच. पण चौथ्यातही मी पूर्ण लिहिलेलं नाही. तेव्हा सही हवी होती, म्हणून सहन होईल तेवढंच लिहिलं. आता तुझ्याकडून मला काही नको आहे, तेव्हा उरलेलं लिहिते.

बाबा गेले त्याच्या चार दिवस आधी त्यांनी मला जवळ बोलावलं. आई झोपली होती. म्हणाले, "मारिनुसला बोलाव. तार कर. म्हणावं, धरणाचं काही बोलणार नाही मी." मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "आला का?" मी म्हटलं, "कळवलंय." तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "येत नाही म्हणाला."

त्यांनी मान हलवली. "बरोबर आहे त्याचं," म्हणाले, आणि भिंतीकडे वळले. पुन्हा तुझं नाव काढलं नाही.

तार केलेलीच नव्हती मी.

हे आईला माहीत नाही. तिला त्यांच्यावर ठेवायचंय, आणि खालचा माणूस काय समजून गेला ते तिला न सांगता मी तिला तिथे ठेवू शकत नाही. तिला सांगायचं तर तुझ्यासमोरच सांगायला हवं. एकदा तुझ्या पाठीमागे बोलले, ते पुरे झालं.

येत्या गुरुवारी मी बाजारात जाणार नाही. दहा वाजल्यापासून आईच्या खोलीत असेन. तुझी खुर्ची मोकळी ठेवीन, मी पलंगाच्या कडेला बसेन. दार उघडून मला पाहिलंस आणि आल्या पावली परत फिरलास, तर मी हाक मारणार नाही. आईला मात्र त्याच दिवशी सांगेन, तू थांबलास तरी, गेलास तरी.

लेउन्ये